गिऱ्हाइकाला दिलेला होकार

चौकातल्या सलूनवाल्याला सगळे ‘होयबा’ म्हणत, तेही अगदी तोंडावर. त्याला राग येत नसे. ज्या धंद्यात माणूस डोळे मिटून आपला गळा वस्तऱ्याखाली देतो, त्या धंद्यात वाद घालायचा नसतो, हे त्याला बापाने शिकवलं होतं. वाद घालणारं गिऱ्हाईक मान हलवतं आणि मान हलली की कापतं. तेव्हा समोरचा म्हणेल त्याला ‘अगदी बरोबर’ म्हणायचं आणि हात चालू ठेवायचा. एकाच सकाळी तो एकाला ‘महागाई सरकारमुळेच’ असं मान्य करी आणि दुसऱ्याला ‘सरकार बिचारं काय करणार’ असंही मान्य करी. दोघेही गालावरून हात फिरवत खुशीत घरी जात. त्याला स्वतःचं मत आहे की नाही, हे बायकोलाही सांगता आलं नसतं. “भाजी खारट झाली तरी हे ‘छान झालीय’ म्हणतात. ह्यांना काय विचारायचं, कप्पाळ!” असं ती म्हणायची.

मग युद्ध सुरू झालं. ते होतं लांब, सरहद्दीपलीकडे, पण सलूनमधला टीव्ही दिवसभर तेच दाखवी आणि बाकड्यावर नंबर लावून बसलेली मंडळीही तेच लढत. एकेकाला असा काही जोर चढे की विचारू नका. झुरळ दिसलं तर बायकोला हाका मारणारी माणसं शत्रूची राजधानी कुठल्या बाजूने घ्यावी ते सांगत. त्यांत सगळ्यात मोठा आवाज समोरच्या किराणा दुकानदाराचा.

“घरटी एक पोरगा गेला पाहिजे,” तोंडाला फेस लावलेला असतानाही तो गरजे.

“अगदी बरोबर, शेठ.”

“जो मागे राहील तो भित्रा!”

“अगदी बरोबर. मान जरा वर घ्या.”

शेजारच्या खुर्चीवर होयबाचा एकुलता एक मुलगा काम करत असे. त्याचा हात बापापेक्षा हलका होता. कॉलेजची पोरं बापाची खुर्ची रिकामी असली तरी त्याच्यासाठी थांबत. तो कमी बोलायचा आणि सगळं ऐकायचा. बापाला वाटे, पोरगं धंदा शिकतंय.

एक दिवस जेवता जेवता मुलगा म्हणाला, “मी भरतीत नाव दिलंय.”

आईचा घास हातातच राहिला. “कुणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? बाबा रोज दुकानात हेच तर म्हणतात.”

दोघंही होयबाकडे बघू लागली. काय बोलायचं ते त्याला कळत होतं. अरे, ते गिऱ्हाइकांशी बोलायचं बोलणं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू जाऊ नकोस. इतकंच तर सांगायचं होतं. जीभही तयार होती, आणि तरी तो म्हणाला, “हं. सांभाळून राहा.”

बायको भरल्या ताटावरून उठून गेली.

पोरगा गेला. सुरुवातीला फोन यायचे, आवाज तुटत तुटत का होईना. मग ते थांबले. एका दुपारी दोन अधिकारी टोप्या हातात घेऊन सलूनच्या दारात उभे राहिले. गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा खुर्चीतून उठून उभं राहिलं. पेटी आली ती बंद, आणि उघडायची नाही असं सांगितलेलं. आई लाकडावरूनच हात फिरवत राहिली. चौकात मुलाचा मोठा फोटो लागला. त्याखाली दुकानदाराने भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि जो तो होयबाला म्हणाला, “तुमचा ऊर भरून आला असेल.” ऊर कशाने भरून येतो हे त्या टाळ्यावाल्यांना कोण सांगणार!

बायकोने एकदाच विचारलं, “त्या दिवशी गप्प का बसलात?” तो ताटातला भात चिवडत राहिला. पुन्हा तिने विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वाढायची आणि आत जायची.

काही महिन्यांनी दुकानदार आपल्या मुलाला घेऊन सलूनमध्ये आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. मुलाला खुर्चीत बसवून त्याने होयबाला कोपऱ्यात ओढलं.

“हा पण जायचं म्हणतोय हो. आईने अन्न सोडलंय. माझं ऐकत नाही. म्हणतो, तुम्हीच भाषण केलंत ना? तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल.”

होयबाने पोराच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री हातात घेतली.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

पोरगा आरशातूनच बघत होता. “काका, तुम्ही दुःखात आहात म्हणून असं म्हणताय. दादा मला नेहमी सांगायचा, आमच्या बाबांना हे मनापासून पटतं.”

“मला कधीच पटलं नव्हतं, बाळा. तुझे बाबा बोलायचे आणि मी हो म्हणायचो.”

दुकानदाराने मान खाली घातली. पोरगा खुर्चीसकट मागे वळला.

“मग दादाला का नाही सांगितलंत?”

होयबाने हातातली कात्री खाली ठेवली.

“अख्खं गाव मला होयबा म्हणतं. त्या दिवशी माझा पोरगा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी कुणीतरी मोठा माणूस आहे,” तो म्हणाला. “तसं माझ्याकडे आजवर कुणीच बघितलं नव्हतं रे. मला ते सोडवेना.”