ओल्या हातांचे शेजारी

कॉलनीच्या सेक्टर सहामध्ये आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहणारे शेजारी एका शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहेत. माणसांशी ते मोजकंच बोलतात; पण बेडकाचा विषय निघाला, की सायकल स्टँडवर लावून उभे राहतात.

एका रविवारी आमच्या बाथरूममध्ये बेडूक निघाला. बायको किंचाळली आणि तिने फिनाईलची बाटली उचलली. मिनिटभरात शेजारी टॉवेलवरच वर आले. अर्ध्या गालावर दाढीचा फेस होता.

"वहिनी, फिनाईल कावून टाकून राहिल्या? कातडीनंही श्वास घेते तो!"

मग मात्र बेडकाला न पकडता ते नळाखाली हातच धूत बसले. बेडूक बादलीवरून बायकोच्या दिशेने उड्या मारत होता.

"अहो, पकडा ना!" ती स्टुलावरून ओरडली.

"माह्या हाताले साबन हाये, वहिनी. त्याच्या अंगावरचा चिकट रस निघून गेला तर बुरशी लागंन त्याले. त्या रसातच त्याचं औषध असते. त्याचा दवाखाना कातडीतच हाये."

शेवटी स्वच्छ, ओल्या ओंजळीत त्यांनी बेडूक अलगद उचलला आणि खाली अळूच्या पानांत नेऊन सोडला. पानांशी वाकून ते त्याला काहीतरी समजावत होते. मला हसू आलं, पण फिनाईलचं झाकण मी घट्ट लावलं.

"गेला सुखरूप," असं सांगायला ते वर आले, तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं. उरलेली दाढी घाईत उरकताना ब्लेड लागलं होतं.

"मलम देऊ का?" बायकोने विचारलं.

"द्या ना जी," ते म्हणाले, "आपल्या कातडीत कुठं येवढा दम हाये!"