डबलसीट कोण?

संघटनेची फटफटी पुरुषांनी बंद पाडली, हे आधी लिहून ठेवते. कारण नंतर सगळेच ‘गाडी जुनी होती’ म्हणायला लागले. जुनी होतीच. पण टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यावं लागतं, आणि आमचे कार्यकर्ते क्रांतीच्या घाईत नुसतंच पेट्रोल ओतत होते. असोद्याच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला.

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांतल्या बायकांच्या मजुरीसाठी धुळ्याला मेळावा ठरला होता. भाषण माझं, अध्यक्ष आमच्या संघटनेचे पुढारी, भाऊ. मी बैठकीत म्हटलं, “गाडी मी दुरुस्त करून आणते. पण मग धुळ्यापर्यंत चालवणार मी.”

बैठक हसली. भाऊ म्हणाले, “ताई, आधी चालू तर करून दाखव. मग खुशाल चालव.”

पिंप्राळ्याच्या माळावर मी चालवायला शिकले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावायला मलाच पुढे केलं होतं. पूजेला बाई चालते. ती गाडी चालवते म्हटलं की यांना हसू येतं!

जळगावातल्या मिस्त्रीचाचांकडे पदर खोचून बसले. इंजिन खोललं, सिलिंडरला बोअर मारून आणला, पिस्टन नवा, रिंगा नव्या. हेडवरची काजळी मी खरवडली. नखं कितीतरी दिवस काळी होती. मागचे शॉकअप तर मेलेच होते, खड्ड्यात चाक मडगार्डला घासायचं. तेही नवे घातले. त्यांच्या बुडाशी खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग कडक होते.

चाचांनी पाना उचलला. “सिंगल का डबल?”

“डबल.”

“आगे कौन? भाऊ?”

“मी. भाऊ डबलसीट.”

चाचांनी चष्मा काढून पुसला. “मग शेवटच्या खाचेवर टाकतो. भाऊंचं वजन भारी है.”

निघायच्या सकाळी भाऊंनी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली माझ्या कंबरेला होती, तिथेच राहिली.

“अगं, लोक काय म्हणतील?”

“ ‘बायकांच्या मागे ठाम उभे राहा’, हे पत्रक तुम्हीच छापलंत ना? उभं राहता येतं, तर बसायला काय जातं?”

बसले. नवा पिस्टन रुळेपर्यंत गाडी पळवायची नाही, ही चाचांची ताकीद. त्यामुळे सावकाश, सगळ्या जगाला दिसत गेलो. पारोळ्याच्या स्टँडवर एक म्हातारी ओरडली, “व माय! बाई फटफटी चालाडी ऱ्हायनी, मांगे माणूस बसेल शे!” अख्खा स्टँड हसला. भाऊंनी उपरणं नाकापर्यंत ओढलं.

धुळ्यात मैदान दिसायला लागलं तेव्हा खांद्यावर बोट टोचलं.

“ताई, थांब इथे. एवढं शेवटचं मी घेतो. अध्यक्ष मागे बसून कसा जाणार?”

म्हणजे सगळा रस्ता बाईचा, आणि फाटक यांचं! हेच तर जिनिंगचे मालक करतात.

“शब्द धुळ्यापर्यंतचा होता, भाऊ.”

“हे धुळंच आहे!”

“मेळावा यायचाय अजून.”

गिअर पाडला आणि फाटकातून आत घातली. तिथल्या चरात मागचं चाक धाडकन गेलं, पण शॉकअपने अध्यक्षांना नीट झेललं. कपाशीचा कचरा केसांत तसाच घेऊन आलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी गाडी थेट व्यासपीठापुढे नेऊन बंद केली.

“उतरा, अध्यक्ष.”