दुसरा जामीनदार

श्रावण हा पुरोहिताचा सुगीचा महिना. त्या श्रावणात मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ज्या ज्या घरी मी सत्यनारायणाच्या पूजेला बसलो, तिथे पूजा आटोपल्यावर मला काही मागायचे असे, आणि ती दक्षिणा नसे. मला एक सही हवी होती.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य होता. माझी कन्या बारावीला विज्ञान शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिला जागा मिळाली. फी फारशी नव्हती. परंतु वसतिगृह, खानावळ, जाडजूड ग्रंथ आणि अभ्यासाला लागणारी खऱ्या हाडांची पेटी हे सारे इतकी वर्षे पुरवणे आमच्या आवाक्यात नव्हते. मुलुंड पूर्वेला पागडीच्या दोन खोल्या, एवढेच आमचे ऐश्वर्य. माझे शिक्षण वेदपाठशाळेत झाले. दक्षिणा येई ती विड्याच्या पानावर, सुपारीखाली ठेवलेली. तिला पावती नसे, आणि ती मोजून घेऊ नये असे माझ्या गुरूंनी शिकवले होते.

घाटकोपरच्या एका बँकेतील व्यवस्थापकांच्या घरची वास्तुशांत मी केली होती. त्यांच्याकडे प्रथम गेलो. त्यांनी खुर्चीतून उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि मग म्हणाले, "गुरुजी, पालकाच्या नावावर कर्ज द्यायचं तर पगाराचा दाखला लागतो, नाहीतर तारण. पागडीची खोली तारण धरता येत नाही. पण सरकारची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. मुलीच्या नावावर मिळते. ती डॉक्टर झाली की हप्त्यांनी फेडायची. तुम्ही त्याच्या मागं लागा."

मी त्याच्या मागे लागलो. संबंधित कचेरीतील कारकून तरुण आणि तोंडाळ होता. अर्ज भरून घेताना पित्याच्या व्यवसायापाशी तो थांबला.

"नोकरी?"

"नाही. पौरोहित्य."

"म्हणजे देवाची नोकरी. मग देवाकडून पगाराची चिठ्ठी आणा ना, गुरुजी!" शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसलो. मग तो आपण होऊन खाली वाकला, पाया पडला, आणि पुन्हा खुर्चीत बसून तितक्याच सहजपणे म्हणाला, "तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा, तेवढ्यानं भागेल. पण मुद्रांकावर दोन जामीनदार लागतात. पर्मनंट नोकरीवाले. बाप चालत नाही. गणपतीच्या आधी सगळं आलं पाहिजे, नंतर आणलंत तर मी काही करू शकत नाही."

पहिला जामीनदार त्याच सायंकाळी मिळाला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. मराठी बोलणारे, जुन्या गावठाणातले, महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला. मी सारे समजावून सांगू लागलो तर त्यांनी मध्येच थांबवले.

"सही कुठं करायची ते दाखवा, गुरुजी. भाषण नको."

"अहो, पण जबाबदारी मोठी आहे. उद्या तिने फेडले नाही तर–"

"पोरगी माझ्या अंगणात वाढली. फेडेल नाय तर जाईल कुठं? डॉक्टर झाली की माझे गुडघे फुकट बघायचे, एवढं त्या कागदात लिहा." आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, चश्मा आण, गुरुजींनी माझा लिलाव काढलाय."

दुसऱ्या सहीसाठी माझ्या मनात भांडुपचे घर होते. ते कुटुंब मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते, आणि चिरंजीव रेल्वेच्या कारखान्यात फोरमन. त्या घरची बारशी, लग्ने, वडिलांचे दिवस, सारे माझ्या हातून झाले. माझ्याविषयी त्यांच्या मनात जो आदर होता तितका मला माझ्या नात्यात कुठे मिळाला नाही. म्हणूनच तिथे मागण्याचा संकोच कमी वाटला.

पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला. मी विषय काढला. फोरमन ऐकत होते तोवर हात जोडूनच उभे होते. 'जामीन' हा शब्द आला आणि त्यांचे हात सुटले.

"गुरुजी, काय हवं ते मागा. पण हे नको."

मला वाटले, कारखान्यातील पतपेढीचे काही अडले असेल. तसे विचारलेही. ते नाही म्हणाले. मग भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या वृद्ध मातोश्री बोलल्या.

"गुरुजीनू, तुमच्या रिणात आमका पाडू नकात. पुढच्या जल्मात कोण खंय फेडतलो? ती बैलाची कथा तुम्हीच सांगितलात ना?"

ती कथा मीच सांगितली होती. सत्यनारायणाची पोथी संपली की यजमानांना एखादी बोधकथा सांगावी अशी आमच्या गुरूंची रीत होती, आणि ही कथा त्यांच्याच मुखातून माझ्याकडे आली. एका विद्वान ब्राह्मणाने सावकाराकडून धान्य घेतले. त्याचा शिष्य मध्ये जामीन राहिला. ब्राह्मण ऋण न फेडता वारला आणि ते शिष्याला फेडावे लागले. काही वर्षांनी शिष्याच्या गोठ्यात एक खोंड जन्मले. मोठे झाल्यावर शिष्य त्याला तेलाच्या घाण्याला जुंपू लागला. चालला नाही की काठीने मारू लागला. एके दिवशी घाण्यातच तो बैल कोसळला आणि मरताना मानवी वाणीने म्हणाला, 'वत्सा, आज तुझे देणे फिटले.' तेव्हा शिष्याला कळले की आपण इतकी वर्षे कोणाच्या पाठीवर काठी ओढत होतो.

घेतलेले परत द्यावे, हा तिचा बोध. मी ती याच अर्थाने सांगत असे आणि ऐकणाऱ्या स्त्रिया पदराने डोळे पुसत. त्यांच्या मनात मात्र बोध राहिला नव्हता. राहिली होती ती शिष्याच्या हातातली काठी.

फोरमन हळू आवाजात म्हणाले, "आता भांडुपात गोठा कुठला, असं तुम्ही म्हणाल. पण पुढच्या जन्मी आम्ही कुठं असू, कुणाला ठाऊक? तुम्ही आमच्या दारात जनावर होऊन याल, आणि आमच्या हातात दोर. नाही जमणार, गुरुजी. त्यापेक्षा हे घ्या." त्यांनी नेहमीच्या दक्षिणेवर एक पाकीट ठेवले. मी ते परत केले नाही. दान नाकारणे हाही देणाऱ्याचा अपमान असतो. घरी येऊन पाहिले तर महिन्याभराच्या खानावळीला पुरेल इतके होते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. धर्मशास्त्रात जामीन राहणाऱ्याला प्रतिभू म्हणतात, त्याचे प्रकार सांगितले आहेत, त्याने केव्हा भरावे आणि केव्हा भरू नये याचेही नियम आहेत. परंतु जामीन राहणे पाप आहे, असे मी कोठेही वाचलेले नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावले. शिवाय ऋण माझे नाही, मुलीचे आहे, आणि ती फेडणार आहे, हेही सांगितले.

"मुलगी तुमचीच ना, गुरुजी?" ते म्हणाले. "शास्त्र तुम्हाला कळतं. आम्ही तुमच्या तोंडून जे ऐकलं, ते धरून चाललो. आता तुम्हीच सांगा, ती कथा खोटी का?"

माझ्याने 'खोटी' असे म्हणवले नाही. 'खरी' असेही म्हटले नाही. मी पाणी मागितले.

त्यानंतर मी अन्य घरी विचारले. कोणी आधीच जामीन राहिले होते, कोणाची बदली व्हायची होती, कोणी पत्नीला विचारतो म्हणाले आणि मग पत्नीच दारात आली. ही कारणे खरीही असतील. परंतु बहुतेक घरांत तीच कथा मी सांगितलेली होती, आणि त्या घरांतली माणसे माझ्या पायांवर डोके अधिकच खोल टेकवू लागली. लोक इतके नम्रपणे नाही म्हणू शकतात, हे मला त्या वेळेपर्यंत ठाऊक नव्हते. एका घरी तर सुवासिनीने माझे पाय धुतले आणि पुसता पुसता म्हणाली, "आमच्यावर रागवू नका हं, गुरुजी."

आमचे शेजारी रोज विचारीत. "काय, दुसरा बकरा मिळाला का?" त्यांनी आपल्या खात्यातला एक मित्र गाठून आणला, पण तो आधीच दोघांना जामीन होता आणि तिसऱ्याला कचेरी मान्य करीत नसे. बैलाची कथा मी त्यांना सांगितली तेव्हा ते खूप हसले. "अहो, बैल होऊन तुम्ही जाणार कुठं? आरे कॉलनीत सगळ्या सरकारी म्हशी. तुम्हाला कोण आत घेतो?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "सॉरी, गुरुजी. पण खरं सांगू? तुमची माणसं तुम्हाला फार मानतात. थोडं कमी मानलं असतं तर काम झालं असतं."

मुदत जवळ आली. एके दुपारी मी सोवळे वाळत घालीत होतो. कन्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? तुम्ही फोरमनकाकांना एवढंच सांगा ना, की ती नुसती गोष्ट आहे."

"ती नुसती गोष्ट नाही, बाळ."

"मग माणूस बैल होतो? खरंच?"

"मी पाहिलेले नाही. परंतु माझ्या गुरूंनी सांगितले."

"पाहिलेलं नाही ना? मग तेवढंच सांगा. पाहिलेलं नाही म्हणून."

"अगं, आज सही हवी म्हणून ते पाहिलेले नाही म्हणायचे, आणि पुढच्या श्रावणात त्याच पाटावर बसून काय सांगायचे?"

तिची आई आतून म्हणाली, "अहो, पुढच्या श्रावणाचं पुढच्या श्रावणात बघू. ही जागा पुढच्या श्रावणापर्यंत थांबणार आहे का?"

कथेतला शब्द माझा असता तर मी तो मोडला असता; पित्याला तेवढा अधिकार असतो. परंतु तो मला सांभाळायला दिलेला होता, आणि ज्याने दिला तो गुरू आता मागे फिरवायला नव्हता. मी देवापुढे बसलो. देवाने काहीही सुचवले नाही. जप चालू राहिला, एवढेच.

कन्येने पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या पूजेच्या पिशवीत ती रोज वाती, कापूर, हळदकुंकू भरून ठेवी, तसे भरत राहिली. वसतिगृहासाठी तिने एक लोखंडी ट्रंक मावशीकडून मागून आणली होती. ती एके सकाळी तिने स्वतःच परत नेऊन दिली. तेव्हा आम्हाला कळले की तिने आशा सोडली.

शेवटच्या दिवशी मी कचेरीत गेलो. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला. एका सहीखाली दुसरी जागा कोरी होती.

"दुसरा?"

"नाही मिळाला."

"अहो, निम्मं मुलुंड तुमच्या पाया पडत असेल ना, गुरुजी!"

"पडते," मी म्हणालो.

कागद त्याने नीट घडी करून दोन्ही हातांनी परत दिला, प्रसाद द्यावा तसा. वैद्यकीय महाविद्यालयातली जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला गेली. तो कोण होता ते आम्हाला कळले नाही. त्याचे कल्याण होवो. कन्येने घाटकोपरच्या महाविद्यालयात शास्त्र शाखेत नाव घातले. पुढे ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि तिथेच राहिली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तिच्याकडे येतात, ती त्यांना आकडे कळवते.

त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीला भांडुपच्या घरी प्राणप्रतिष्ठा माझ्याकडेच होती. जाऊ नये असे क्षणभर मनात आले, परंतु त्यांच्या गणपतीने माझे काय बिघडवले होते? फोरमनांनी पायरीवरच पाया पडून विचारले, "गुरुजी, मुलीचं झालं का?" मी "नाही" म्हणालो. त्यांचे डोळे भरले. ते खोटे रडणे नव्हते. आरती झाली. मंडळी बसली. मातोश्रींनी भिंतीजवळून हाक दिली, "गुरुजीनू, एखादी कथा होऊन जाऊ दे."

"कोणती सांगू, आजी?"

"ती बैलाचीच सांगा. पोरांका ऐकूंक होयी."

गणपतीपुढे समई जळत होती. मुले मांडी घालून पुढे सरकली. मी पाण्याचा घोट घेतला आणि कथा सांगितली. धान्य घेतले तिथपासून बैल कोसळला तिथपर्यंत, गुरूंनी सांगितली तशीच. कुठे काही वाढवले नाही, काही गाळले नाही. स्त्रियांनी पदराने डोळे पुसले. फोरमन कथाभर माझ्या पायांकडे पाहत होते.

घरी पोचलो तेव्हा कन्या वाती वळत बसली होती. पिशवीतले मोदक काढून तिने शेजाऱ्यांचा वाटा वेगळ्या ताटलीत घातला, आमच्यापेक्षा जरा मोठाच.

"कथा कोणती झाली, बाबा?"

"तीच."

तिने मान हलवली आणि ताटली घेऊन शेजारी गेली. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "ये, डॉक्टरीणबाई, गुडघे बघतेस का?" आणि त्यावर ती हसली, की हसली नाही, ते मला या बाजूने ऐकू आले नाही.