खालचा दोरा

गोधडीला दोरा किती लागेल असं आजही कुणी विचारलं, की मी आधी विचारते, हाताने शिवणार की मशीनवर? ते कळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. रेवदंड्याजवळच्या एका वाडीत मी नांदत होते. नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्याने कुणाचं तरी जुनं पायमशीन लाँचमधून आणून मला दिलं होतं. त्या वर्षी चैत्रात माझी आई गेली. तिचं दिवसकार्य उरकल्यावर बाबा म्हसळ्याकडच्या आमच्या गावाहून तिच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन माझ्याकडे आले. गेलेल्या बाईच्या लुगड्यांची गोधडी तिच्या लेकीनेच शिवायची आणि मागे राहिलेल्याने ती पांघरायची, अशी आमच्या घरची रीत. बाबांना तेव्हा झोप लागत नव्हती. डोळे खोल गेले होते. "गोधडी झाली की लागंल डोळा," असं ते म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. मृगाच्या आत त्यांना पेरणीसाठी परत जायचं होतं.

हाताने शिवायची तर पावसाळा सरला असता. मला कुठला वेळ? पाणी, गुरं, भात सडणं आणि धाकटं मूल सदा काखेत. आई गेल्यावर धड रडायलाही मला कुणी बसू दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर रडण्याइतकं अंगात त्राणच नव्हतं. म्हणून मशीनवर शिवायचं ठरलं.

दोऱ्याचा अंदाज सासूबाईंनी काढला. वाडीतल्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या. आता बोटं सुजून वाकडी झाली होती, पण नजर शाबूत होती. लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून झाले, सगळ्यांत वर बाबांनी आईचं रोजच्या वापरातलं हिरवं लुगडं घालायला सांगितलं. धुऊन धुऊन ते अगदी मऊ झालं होतं. सासूबाईंनी कडेला दोरा लावून पाहिला, बोटं आडवी ठेवून दोन ओळींमधलं अंतर धरलं, ओठातल्या ओठात हिशेब केला, वर गाठींसाठी थोडा दोरा धरला. "येवढा बास. उगा उरवून काय करायचा?" नवऱ्याला तसं पत्र धाडलं आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या लाँचने तो रेवसला उतरला तेव्हा तेवढीच रिळं घेऊन आला. जाड, पांढरा दोरा. त्यानंतर समुद्र खवळला आणि लाँच बंद झाली.

सासूबाईंचा हिशेब चोख होता, पण तो हातातल्या सुईचा होता. हाताच्या सुईला एकच दोरा, तोच खाली जातो आणि तोच वर येतो. मशीनला वरचा दोरा वेगळा, खालचा बाबिणीतला वेगळा. इथेच घोडं पेंड खात होतं आणि ते आम्हा दोघींनाही दिसलं नाही. झंपर-परकर शिवताना खालच्या दोऱ्याचा वेगळा विचार मी कधी केलाच नव्हता. संपला की त्याच रिळाचा भरायचा, पुढे चालू.

दुपारची जेवणं उरकली की मी मशीनवर बसायची. आम्ही गोधडी कडेपासून धरतो आणि फेरे घालत मध्याकडे येतो. मशीनवर तसं शिवणं म्हणजे शिक्षाच. जितकं आत जावं तितकं गुंडाळलेलं ओझं मशीनच्या हाताखाली कोंबावं लागायचं. माझे दंड भरून यायचे, पोटऱ्या दुखायच्या. बाबा समोर बसून गोधडीचं दुसरं टोक उचलून धरायचे.

आणि एके दुपारी दोरा संपला. मध्ये एक शाळकरी पोर निजेल एवढी जागा कोरी राहिली होती. गावातल्या दुकानात बारीक रंगीत दोरा तेवढा होता, तो एवढ्या थरांतून जाताना तटातट तुटायचा.

"माझा अंदाज कधी चुकला न्हाय," सासूबाई म्हणाल्या. मी रिकामी बाबिण त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "म्हंजे ही भवानी दोन तोंडांनी खाते व्हय."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ती अशी, दोऱ्यापायी. तिच्यासाठी करायचं हे एकच काम होतं आणि तेही अर्धवट राहिलं. बाबांनी गोधडीची घडी घातली. आभाळ भरून आलं होतं, त्यांना थांबता येईना. मी म्हटलं, "दिवाळीला दोरा घेऊन येते, तोवर अशीच पांघरा." त्यांनी मान हलवली.

तो सगळा पावसाळा मला एकच घोर होता, बाबांना झोप लागत असेल का. लावणीत कंबर मोडून घरी यावं, अंग टाकावं आणि मनात तीच कोरी जागा यावी.

लाँच सुरू झाल्यावर दोरा आला. वरातीमागून घोडं, पण आलं. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा बाबांची तब्येत बरी दिसली. गोधडी बाजेवर होती. दाट शिवणीमुळे आणि पाण्यातून निघाल्यामुळे ती ताठ झाली होती, उभी केली तर उभी राहील अशी. मी पिशवीतून रीळ काढायला गेले.

"ऱ्हाऊ दे, बाय," बाबा म्हणाले. "शिवू नको."

"का? मधेच अशी ढिली बरी दिसते?"

त्यांनी मधल्या जागेवर हात ठेवला. "बाकीची समदी गोधडी झाली. हितं हात ठेवला की अजून लुगडं लागतं. मग झोप येते."

मी बाजेवर बसले आणि तिथे हात ठेवला. मग आडवी होऊन गाल टेकला. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की गालाला लागायचं तेच ते कापड. चुलीवर भाताचं आधण होतं, मूल बाहेर कुरकुरत होतं. बाबा उठून मुलाकडे गेले. कितीतरी महिन्यांनी त्या दुपारी मला कुणी उठवलं नाही, आणि मी झोपले.