स्कॅनच्या दिवशी जन्मलेली नात

आधी माझ्या मोठ्या बहिणीचं, शेवंताबाईचं नाव लिहितो; घरात तिला आम्ही बाई म्हणतो. सावली या आमच्या गावी ती लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला जायची, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली. ती माझ्या नावावर आहे, एवढंच.

"तुमच्या हृदयाला रक्त कमी पोहोचत असावं," असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शेजारी तीच बसली होती. मला बरीच वर्षं शुगर आहे. छातीत कधी दुखलं नाही. पण मूल गावात मी शिकवतो त्या शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली होती. "शुगर असली की दुखेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

आधी टीएमटी झाली, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. त्यात किरण नसतात. त्यातून नीट कळेना, म्हणून स्ट्रेस थॅलियम स्कॅन ठरला. यात शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि हृदयात रक्त कुठवर पोहोचतं त्याचे फोटो काढतात.

किरणांची मला भीती वाटली. तसं विचारलंही.

"डोस कमी असतो, पण प्रत्येक तपासणीची भर पडत जाते. म्हणून नुसती शुगर आहे एवढ्यावरून मी हा स्कॅन सांगत नाही. तुम्हाला धाप लागते, म्हणून सांगतोय," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घरी गरोदर बाई, तान्हं बाळ?"

माझी मुलगी प्रज्ञा बाळंतपणाला आलेली होती. दिवस भरत आले होते.

"मग त्या दिवशी लांब राहा. बाळाला दुसऱ्या दिवशी घ्या."

बाईचा चेहरा उतरला. आमच्या घरी बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतो तो शिकलेला माणूस. ही रीत बाईनेच पाडली. शिक्षण मांडीतून उतरतं, असं तिचं म्हणणं. प्रज्ञालाही आधी मीच घेतलं होतं.

"पोटातल्याले सांगून पाहीन, दोन दिस थांब मनून," ती म्हणाली.

ते काही थांबलं नाही. मी चंद्रपुरात यंत्राखाली हात वर करून पडलो होतो, तेव्हा मूलच्या दवाखान्यात नात जन्मली.

परतीच्या एसटीत एक बाई लेकरू घेऊन शेजारी बसायला आली. मी झटकन उठून पार मागे गेलो. "लय भला मानूस," ती कंडक्टरला म्हणाली.

दवाखान्यात व्हरांड्याच्या टोकालाच उभा राहिलो.

"तिथीच थांब," बाई ओरडली. "लाईट गेली तं उजेडाले तुलेच मधात बसवू."

प्रज्ञा टाके सांभाळत हसली. नर्स बाळ घेऊन उभी होती. बाईने हात पदराखाली लपवले. "मी तिसरीच शिकलो. मले नोको देऊ."

"घे न बाई," मी लांबूनच म्हणालो.

ती खाली बसली. पदराला हात पुसले आणि नातीला घेतलं. मला काळं जावळ तेवढं दिसलं.

रिपोर्टमध्ये मोठा अडथळा निघाला नाही. गोळ्या आहेत, सकाळचं चालणं आहे. जिना आता न थांबता चढतो. नातीला दुसऱ्या दिवशी पोटभर घेतलं.

बाई सावलीला परतली. पण हुरहूर घेऊन गेली, असं प्रज्ञाकडून कळलं. तेव्हा तिला हे पत्र पाठवलं:

बाई, जयभीम.

तुलाही शुगर आहे म्हणून गावातल्या आरोग्य शिबिरात तुला स्कॅन करायला सांगितला म्हणे. घाबरू नको आणि लगेच हो पण म्हणू नको. कोणत्या त्रासासाठी, ते डॉक्टरला विचारू. गरज असली तर टाळायचं नाही. मी सोबत येतो.

दुसरं. नात आधी तुझ्या मांडीवर आली, याचं तू मनाला लावून घेतलंस. आई रोवणीला जायची तेव्हा बांधावर मला कोण घेऊन बसायचं? मी शाळेत गेलो तो त्याच मांडीवरून उठून. मांडीतून शिक्षण उतरत असेल, तर नात बरोबर जागी बसली.

आता रीत बदलली. पुढचं बाळही आधी तूच घ्यायचं. मी व्हरांड्याच्या टोकाला उभा राहीन, स्कॅन नसला तरी.

तुझा
रमेश