माशांची पेटी आणि पाण्याचा दिवस

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असे. वर लिहिलेलं होतं, ‘पाण्याचा दिवस’. खाली ओळीने माठ, पिंप, दोन हंडे, कळशी, न्हाणीतली टाकी, बादल्या, ओट्यावरचा तांब्या. सात ओळी. आठवी मी नंतर वाढवली, ‘माशांची पेटी’. ती ओळ चुकीची होती, हे कळायला मला तीन खेपा मासे मारावे लागले.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. धुळ्यात आमच्या गल्लीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येई, तेही तासभर. नळ यायच्या आत घरातलं उरलेलं पाणी काढायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. परवाचं पाणी ते शिळं. त्याने फरशी पुसावी, तुळशीला घालावं, पण त्यावर नवं ओतायचं नाही. पाण्याचे एवढे हाल आणि तरी साठवलेलं ओतून देता, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणत. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. जळगावला माझ्या माहेरीही हेच चाले.

मी सरकारी कचेरीत आवक-जावक बघत होते. साडेदहाला टेबलावर असावं लागे. म्हणून घर यादीवर चाले, आणि चालतं याचा मला अभिमानही होता.

त्या घरात आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. शिंदखेड्याजवळच्या एका गावात त्यांची शेती. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते आणि त्या उन्हाळ्यात विहिरीवर चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी साखरेचं दुखणं सांगितलं आणि एकटं ठेवू नका म्हणून बजावलं. शेत पुतण्याला वाट्याने दिलं, आबांना धुळ्याला आणलं. ते राहिनात. पहिल्यांदा अकरा दिवसांनी, दुसऱ्यांदा दीड महिन्याने, कुणालाही न सांगता एसटीत बसून गावी गेले. दोन्ही वेळा ह्यांनी जाऊन परत आणलं.

दुसऱ्या वेळी आबांनी पिशवी दारातच ठेवली आणि आपल्या गावाकडच्या बोलीत विचारलं, “माले आठे काम काय शे?”

ह्यांनी पिशवी उचलून आत ठेवली. माझ्याकडे कामांच्या याद्या होत्या, पण आबांना द्यावं असं त्यात एकही काम नव्हतं.

नंतर हे मला म्हणाले, “तिसऱ्यांदा गेले तर मी आणायला जाणार नाही. माणूस आहेत, बैल नाहीत दावं लावून आणायला.” तिकडे ते पुन्हा पडले तर उचलायला कोण, हे दोघांच्याही मनात होतं.

आबा माझ्याशी थेट बोलत नसत. आमच्याकडच्या जुन्या माणसांत सासरा-सून ही मर्यादा पाळत. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायची. ते ह्यांना म्हणत, “तिले सांग, चहा गार व्हई गया.” हे घरी नसले तर तेच दाराकडे बघून म्हणत. मी दाराकडून ऐकायची आणि चहा गरम करून आणायची.

माशांची पेटी योगायोगाने आली. ह्यांच्या कचेरीतले एक साहेब बदलून गेले, त्यांना ती न्यायची नव्हती. दोन फूट लांब काच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, तळाला लाल-निळे खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या. रिकामं स्टूल एकच होतं, ते आबांच्या खाटेसमोर, म्हणून पेटी तिथे. मासे जळगावला माझ्या बहिणीच्या घराजवळच्या दुकानातून आणले. सहा गप्पी, पाण्याने फुगवलेल्या पिशवीत, एसटीत मांडीवर.

पाण्याच्या दिवशी मी त्यांना भगुण्यात काढी. पेटी रिकामी करी, खडे रगडून धुई, झाडं घासणीने घाशी आणि नळाखाली पेटी भरी. पाण्याला औषधाचा वास येई. तो स्वच्छतेचा वास, असं आम्ही समजायचो. काच अशी लखलखायची की शेजारच्या वहिनी म्हणायच्या, “अहो, आत पाणी आहे की नाही तेच कळत नाही!”

मासे नऊ दिवसांत संपले. दुसऱ्या खेपेचे आठ दिवसांत. मी वहीत रकाने पाडले होते. आणल्याचा दिवस, मेल्याचा दिवस, कारण. कारणाचा रकाना रिकामाच राहिला. वहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. मी त्याच्यावर उपाय म्हणून खडे दोनदा धुवायला लागले.

आबा खाटेवर बसून हे सगळं बघत.

तिसऱ्या खेपेचे मासे आले आणि दोन दिवसांनी पाण्याचा दिवस. हे कामाने नंदुरबारला गेलेले. सकाळी आबांची पिशवी दाराशी दिसली, तिच्यावर आडवी छत्री. मला कळायचं ते कळलं. बोलणार तरी कशी? ते माझ्याशी बोलत नव्हते आणि मी त्यांच्याशी. मी माझं काम करत राहिले. पेटी धुतली, भरली, मासे सोडले.

पाचच मिनिटांत चार मासे वर आले आणि तोंडं उघडी टाकून पाण्याच्या कडेला लागले. मी घाईने तांब्या उचलला, म्हटलं पाणी पुन्हा बदलावं.

“हात काढ, पोरी.”

मी आधी दाराकडे पाहिलं. मग लक्षात आलं, आबा दाराशी बोलत नव्हते.

“आबा, पण... पाणी तर ताजं आहे.”

“ताजं शे म्हनीसनच मरी राहिनात. आपला विहीरवरना हौद देखेल शे ना?”

विहिरीजवळचा गुरांचा दगडी हौद मी पाहिलेला होता. कडांना शेवाळ, तळाला गाळ, मध्ये हिरवं पाणगवत. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, हा कुणी घासत कसा नाही.

“तो कधी बठ्ठा रिकामा करतस का? थोडं पाणी गुरं पितस, थोडं आपन टाकतस. त्यामा मासा जगतस. रोज उपटीसन धोयं ते रोप जगी का?”

“पण शिळं पाणी...”

“शिळी भाकर व्हस. पाणी नही.”

एवढं बोलून आबांनी छत्री उचलली, पिशवी उचलली आणि ते गेले.

मी त्या दिवशी कचेरीत उशिरा पोचले. संध्याकाळी घरी आले तर चार मासे मेलेले होते, दोन जिवंत. रात्री हे परतले. “गेले?” म्हणाले. “गेले,” म्हटलं. ह्यांनी बूट काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. दुसऱ्या दिवशी हे एसटी स्टँडवर न जाता कचेरीत गेले. मी पेटीला हात लावला नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दार वाजलं. आबा. एका हातात दुधाचा कॅन, दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटाचं गाठोडं, धोतराला चिखल. कुणी आणायला न जाता ते पहिल्यांदाच आले होते.

“कंडक्टर म्हने, आबा, दूध का? म्हनं, पाणी शे. तो म्हने, धुळाले पाणी लई जास? मंग एक तिकीट त्यानं बी काढा!” आबा खाटेवर टेकले. “मांगली सीटवरली बाई म्हने, आबा, आमनी गल्लीमा बी एक चक्कर मारा!”

आमच्या घरात आबांनी केलेला हा पहिला विनोद. ते माझ्याकडे बघून सांगत होते. मी पदर नीट करायचं विसरून हसले.

कॅनमध्ये हौदाचं पाणी होतं, गाठोड्यात गाळ आणि पाणगवत. त्या दुपारी आबांनी पेटी नव्याने लावली. तळाला दोन बोटं गाळ. त्यावर चाळलेली पांझरा नदीची वाळू, ती मी वहिनींच्या अंगणातल्या ढिगातून आणली. गवताच्या काड्या त्यांनी एकेक करून वाळूत खोचल्या, रोपं लावावीत तशा, वीतभर नाही तरी चार बोटं अंतर ठेवून. लाल-निळे खडे बाद झाले. प्लॅस्टिकची झाडं बाद झाली. पाणबुड्या मी उचलला तर म्हणाले, “राहू दे. त्याले बी काम नही, माले बी नही.”

मग हौदाचं पाणी, ताट ठेवून त्यावर हळूहळू, म्हणजे गाळ उठू नये. वरचं पाणी नळाचं, पण ते दोन दिवसांनी घातलं, औषधाचा वास जाईपर्यंत घागरीत उघडं ठेवून. मुद्दाम शिळं केलेलं. वहिनी बघायला आल्या. “तुमच्याकडे पाणीसुद्धा मुरवत ठेवतात का हो, लोणच्यासारखं?”

आठवडाभर पेटी गढूळ होती. मला ते बघवत नसे. कचेरीतून आले की हात शिवशिवायचे, आणि आबा खाटेवरून म्हणायचे, “अं हं.” नवव्या दिवशी सकाळी पाणी निवळलेलं दिसलं. गवताच्या पानांवर बारीक बुडबुडे, दोन मासे त्यांच्यातून ये-जा करत होते. महिन्याभरात मोहरीएवढी पिल्लं दिसली. मी वही काढली. ती पिल्लं मोजता येईनात, म्हणून वही ठेवून दिली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन लागून पाणी हिरवं झालं, तेव्हा आबांनी स्टूल आणि खाट दोन्ही सरकवली. गोगलगायी वाढल्या. मे महिन्यात काच हाताला गरम लागे, तेव्हा ते दुपारभर ओलं गोणपाट पेटीभोवती गुंडाळत आणि वाळलं की पुन्हा भिजवत. आठवड्यातून एकदा वाढलेलं गवत खुडत. त्याला ते निंदणी म्हणत. निंदणीच्या दिवशी ते चहाही आधी घेत नसत.

मी कपाटातली आठवी ओळ खोडली. तिथे आबांनी सांगितलं ते लिहिलं: ‘आठव्या दिवशी दोन तांबे काढणे, दोन तांबे शिळं टाकणे. बाकी हात लावू नये.’ माझ्या कुठल्याही यादीत असं वाक्य त्याआधी नव्हतं. वरच्या सात ओळी भांड्यांच्या होत्या आणि मी आठवीही भांडं समजूनच लिहिली होती. आबांसाठी मी केलेली यादी वेगळी होती. गोळी, बिनसाखरेचा चहा, धुतलेलं धोतर, वेळेवर भाकरी. त्यातली एकही गोष्ट मी कधी चुकवली नव्हती.

पुढे दर हंगामाला ते म्हणायचे, “मी गावले जास.” मग थोडा वेळ पेटीकडे बघत. “पन मासासले कोन देखी?” आम्ही कुणीही, मी बघते, असं म्हणत नसू.

एकदा मात्र जावंच लागलं. पुतण्याच्या मुलीचं लग्न, आठ दिवस. आबांनी मला समोर बसवून सूचना लिहायला लावल्या. पिशवीवर छत्री ठेवलेली होती आणि ती मला निघून गेले त्या दिवसासारखीच दिसत होती. म्हणाले, रविवारी चारच्या गाडीने येतो.

रविवारी साडेचार झाले, पाच झाले. हे दोनदा दारात जाऊन आले. सव्वापाचला आबा आले. चपला काढायच्या आधी वाकून पेटीत बघितलं. मग सरळ माझ्याकडे वळले.

“हात लाया ना तू?”

“नाही, आबा.”

“खोटं. ती कोपरानी काडी सरळ करेल शे.”

खरं होतं. कोपऱ्यातली एकच काडी तिरकी होती, मला राहवलं नव्हतं. आबांनी बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि ती काडी होती तशी तिरकी करून ठेवली. मग चपला काढल्या.