टेक इट ईझी

आमच्या घरात इंग्रजी आलं ते पत्रकांतून. वडील गिरणीत होते, खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. स्ट्राइक, बोनस, लॉकआउट हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होते. गप्पांचं इंग्रजी मात्र मी कधी ऐकलंच नव्हतं.

ते घेऊन आली पुण्याची एक मुलगी. तिच्या वडिलांची सोलापूरला बदली झाली म्हणून ती आमच्या कॉलेजात आली आणि नेमकी माझ्या मैत्रिणीच्या बाकावर बसली. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "हाउ आर थिंग्ज?" महागाईबद्दलच विचारतेय असं वाटून मी म्हणाले, "द सिच्युएशन इज सीरियस." दोघी हसल्या. ती हसली त्याचं काही नाही. मैत्रीण का हसली?

मैत्रीण विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. दर रविवारी तिच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांपुढे मी पत्रक वाचायचे आणि ती वाक्यावाक्याला तेलुगूत सांगायची. ती नसेल तर त्या गल्लीत मी मुकीच. आता तिच्या तोंडी 'ओ, कमॉन' आलं, 'नेव्हर माइंड' आलं. ही साहेबांच्या पोरींची भाषा आहे, असं मी तिला सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "टेक इट ईझी की गं."

त्या रविवारी ती आली, पण पुण्याच्या मुलीला घेऊन. मी वाचायला तोंड उघडणार, तोच ती पुण्याची उंबऱ्यावर टेकली आणि हात हलवून बायकांना म्हणाली, "हॅलो, एव्हरीबडी." माझ्या पत्रकासाठी कधी न थांबलेले हात थांबले. एका म्हातारीनं तंबाखूनं माखलेला हात वर करून "हॅलो" म्हटलं. मग सगळ्याच म्हणाल्या. 'मजुरी वाढलीच पाहिजे' एवढं त्यांच्याकडून म्हणवून घ्यायला माझा घसा बसला होता.

"वाच गं, ऐकतायत त्या," मैत्रीण म्हणाली.

मी वाचलं, गरजेपेक्षा मोठ्यानं. मैत्रीण तेलुगूत सांगत होती, पण माझ्या चार वाक्यांचं तिचं एकच होत होतं. हसण्यासारखं मी काही लिहिलं नव्हतं, तिथं बायका हसत होत्या, आणि ती उंबऱ्यावरच्या पुण्याच्या मुलीकडे बघत होती. काय सांगितलंस, असं मी तिला विचारलं नाही. पत्रक उलटलं आणि आवाज आणखी चढवला.